बत्तीस अंशांची सरळ रेघ

२०१८च्या जानेवारीत, उणे एकोणीस अंशांच्या एका दुपारी, ईशिता घैसास ब्रॉसार्डहून सहा तास गाडी चालवत टोरोंटोजवळच्या ग्वेल्फला आईवडिलांच्या दारात आली. गाडीपासून दारापर्यंतच्या दहा पावलांत गारठा लागू नये म्हणून तिने विंटर कोटाच्या आत, छातीशी, उशीचा एक अभ्रा धरला होता. अभ्र्याच्या तोंडाला गाठ होती आणि आत चार फुटी अजगर होता.

"हा चेस्टर," ती म्हणाली.

"कोटाबाहेर नको काढूस," अरुणाताई स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या.

ईशिता आठ महिन्यांसाठी उत्तर ध्रुवाकडच्या इकलुइटला निघाली होती. तिथली कायम गोठलेली जमीन किती वेगाने वितळते आहे, हे मोजायचं तिचं काम. कंपनीने तिच्या राहण्याची सोय केली होती, अजगराची नव्हती. मैत्रिणींनी, मांजर असतं तर नक्की ठेवलं असतं, असं गोड शब्दांत कळवलं होतं. उरले आईवडील.

तिचे वडील जनार्दन घैसास यांचा जन्मच उष्णतेत गेला होता, असं ते स्वतःच सांगत. १९७४ साली सांगलीहून आले आणि ग्वेल्फच्या एका कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं भट्ट्या डिझाइन केल्या. बिस्किटं भाजायच्या, रंग वाळवायच्या, काच वितळवायच्या. रिटायर होऊन दहा वर्षं झाली होती, वय बाहत्तर होतं, आणि घरातल्या थर्मोस्टॅटला हात लावायचा अधिकार अजूनही त्यांच्या एकट्याकडे होता. ते हिवाळ्यात एकोणीसवर ठेवत. अरुणाताई शाल पांघरत.

ईशिताने चेस्टरचं घर गाडीतून आणलं. विंटरचे कपडे भरून ठेवायला लोक घेतात तसला झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा. त्याच्या एका टोकाखाली हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पापडाएवढी पातळ चटई. शेजारी छोटा थर्मोस्टॅट, आणि त्यातून निघालेल्या वायरीच्या टोकाला वाटाण्याएवढा मणी. मणी डब्याच्या आत, गरम टोकाला, चेस्टरच्या लपायच्या ढोलीत तळाशी चिकटवलेला. मण्याला जेवढं तापमान जाणवेल त्यावरून थर्मोस्टॅट चटई चालू किंवा बंद करणार. गरम टोक बत्तीस अंश, गार टोक सव्वीस. मधे जिथे बरं वाटेल तिथे चेस्टर जाऊन बसणार. एवढंच सगळं.

जनार्दनरावांनी थर्मोस्टॅट दोन बोटांच्या चिमटीत उचलला. जेवणाच्या ताटात निघालेला केस उचलावा तसा.

"हा दोन अंश इकडेतिकडे होत असणार."

"होतो. चेस्टरला चालतं."

"त्याला चालतं हे तुला कुणी सांगितलं?"

"बाबा, ही ईट्स, ही पूप्स, ही शेड्स. दॅट्स हाऊ आय नो."

जनार्दनराव हसले. बाराशे अंशांची भट्टी अर्ध्या अंशाच्या आत स्थिर ठेवलेल्या माणसाला लेक शी आणि कात यांवरून तापमान सांगत होती.

ठेवायचं कुठे हा प्रश्न निघाला. ईशिताच्या जुन्या खोलीत, वरच्या मजल्यावर, बावीस अंश असायचे. दक्षिणेची खोली, दुपारचं ऊन. चेस्टरला ती झकास होती. पण त्या खोलीला लागून देवघर होतं आणि अरुणाताईंचा शब्द ठाम होता.

"नागपंचमीला पूजा करतेस ना?" जनार्दनरावांनी विचारलं.

"चित्राची करते. चित्र उंदीर खात नाही."

उंदरांचं तोवर निघालंच होतं. ईशिताने एका पिशवीत चोवीस गोठवलेले उंदीर आणले होते, दर दहा दिवसांनी एक, कोमट पाण्यात बर्फ उतरवून, चिमट्याने द्यायचा. अरुणाताईंनी एक अक्षर न बोलता बेसमेंटच्या फ्रीजरमधलं खोवलेलं खोबरं, पुरणाचे डबे, मटार असं सगळं वर आणलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "खालचा फ्रीजर आजपासून तुमचा." घराची वाटणी व्हावी तशी ती वाटणी झाली. चेस्टरही मग खालीच गेला.

जाताना ईशिताने दोन पानं टाइप करून भिंतीला चिकटवली. शेवटच्या ओळीत मोठ्या अक्षरांत होतं: डोन्ट चेंज एनीथिंग. जनार्दनरावांनी ती ओळ वाचली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी फुटपट्टी घेऊन खाली उतरले.

त्यांच्या बाजूने एक गोष्ट खरी होती. बेसमेंट सोळा अंशांचं होतं आणि ती पापडासारखी चटई तिथे पुरी पडत नव्हती. गरम टोक अठ्ठावीसच्या वर चढेना. त्यांनी ईशिताला ईमेल केली. तीन दिवसांनी उत्तर आलं: वर माझ्या रूममध्ये ठेवा, दॅट्स ऑल.

जनार्दनरावांना वाईट वाटलं. डबा उचलून दुसऱ्या मजल्यावर ठेवणं हे हमालाचं काम. त्यासाठी घरात इंजिनियर कशाला हवा?

त्यांनी तक्ता केला. साप तापवायचे पाच मार्ग, आणि प्रत्येकापुढे शेऱ्याचा रकाना. दिवा: उजेड पडतो, सापाची झोपमोड. उजेड न देणारा सिरॅमिकचा बल्ब: हवा कोरडी होते. आतून तापणारा खोटा दगड: साप भाजतात, बाद. पातळ चटई: दुर्बळ. छताला आतून लावायचं गरम पॅनेल: उत्तम, सुरक्षित, सगळे जाणकार हेच सुचवतात. या पाचव्या ओळीपुढे शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, "फार सोपं."

एका शनिवारी ते वॉनला गेले. गोदामांच्या ओळीत सरपटणाऱ्या प्राण्यांचं एक दुकान होतं. पिकलेली वेणी घातलेल्या मालकीणबाईंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. उष्णतेचं वहन, अभिसरण, प्रारण, काहीच वगळलेलं नव्हतं. मग बाईंनी विचारलं, "तुमच्याकडे वर एखादी गरम खोली नाही का?"

जनार्दनरावांनी तिथून फक्त चार फुटी काचेची पेटी घेतली. अशा ठिकाणी सल्ला घेण्यात अर्थ नव्हता.

तापवायचं साधन त्यांना जुन्या कारखान्यातल्या एका मित्राने दिलं. हिवाळ्यात मोलॅसिसची, म्हणजे मळीची, पिंपं घट्ट होऊ नयेत म्हणून त्यांना गुंडाळतात तो सिलिकॉनचा पट्टा. दोनशे लिटरचं पिंप रात्रीतून पातळ करणारा. जनार्दनरावांनी तो काचपेटीच्या गरम बाजूखाली अंथरला, त्याला भट्टीचा कंट्रोलर जोडला आणि कंट्रोलरचा मणी ढोलीत तळाशी चिकटवला. हा कंट्रोलर तापमान दशांशापर्यंत मोजायचा आणि दर मिनिटाला त्याची नोंद टॅब्लेटवर पाठवायचा. टॅब्लेटवर रेघ उमटायची. तीन दिवस रेघ जराशी डोलली, मग जनार्दनरावांनी आकडे बसवले आणि ती सरळ झाली. बत्तीस अंश. सकाळी बत्तीस, दुपारी बत्तीस, बाहेर बर्फाचं वादळ, तरी बत्तीस. ते चहाचा कप घेऊन तासन्‌तास ती रेघ बघत बसत. चेस्टर तिच्या मागेच होता, काचेच्या आत, पण त्याच्यात बघण्यासारखं काही घडत नव्हतं.

चेस्टरला पेटीत घालायचं काम अरुणाताईंकडून होणार नव्हतं आणि जनार्दनरावांनी ते करायचं ठरवलं होतं. प्रत्यक्षात त्यांनी जुना डबा आडवा करून काचपेटीत टेकवला आणि झाडूच्या दांड्याने हळूच मागून ढकललं. चेस्टर आपणहून गेला. या प्रसंगाचं वर्णन त्यांनी मराठी मंडळाच्या पिकनिक कमिटीत "ट्रान्सफर सुरळीत पार पडली" असं केलं.

आठवड्याने एक लहानशी अडचण आली. चेस्टरने ढोलीत शिरताना मणी तळापासून उपटला. वायर मोकळी, मणी हवेत लोंबकळतोय, टॅब्लेटवरची रेघ खाली घसरलेली. काम दोन मिनिटांचं होतं. ढोली उचलायची, हात आत घालायचा, मणी तळाशी दाबून चिकटवायचा.

जनार्दनरावांनी स्वयंपाकघरातले ओव्हनचे हातमोजे घातले. झाकण सरकवलं. ढोलीला हात लावला, तोच चेस्टरने दारातून डोकं बाहेर काढलं आणि जीभ दोनदा आतबाहेर केली. आपण जिना चढतो आहोत हे जनार्दनरावांना तिसऱ्या पायरीवर कळलं.

ते तिथेच उभे राहिले. घरात कुणी नव्हतं, अरुणाताई ग्रोसरीला गेल्या होत्या. तळहात मोज्यांच्या आत ओले झाले होते. दोनशे माणसांच्या कारखान्यात तापलेल्या भट्टीचं दार उघडायला पहिला पुढे होणारा माणूस आपण, हे त्यांना आठवलं, आणि ते आठवल्यामुळे राग आला. राग कुणाचा ते नीटसं कळलं नाही, म्हणून त्यांनी तो मण्याच्या जागेवर काढला. जागाच चुकीची होती! तळाचं तापमान म्हणजे एका बिंदूचं तापमान. खरं तर संपूर्ण पेटीचं प्रातिनिधिक तापमान मोजायला हवं. आणि ते काचेच्या वरच्या कोपऱ्यात, झाकणाला लागून, उत्तम मोजता येईल. तिथे मणी लावायला झाकण चार बोटं सरकवलं तरी पुरतं.

त्यांनी मणी काचेच्या आतून वरच्या कोपऱ्यात चिकटवला. तळाच्या आणि त्या कोपऱ्याच्या तापमानातल्या फरकाचा अंदाज बांधून कंट्रोलरमध्ये सहा अंशांची दुरुस्ती भरली. संध्याकाळपर्यंत रेघ पुन्हा बत्तीसवर सरळ झाली. अरुणाताईंना त्यांनी सांगितलं, "मोजमापाची पद्धत सुधारली."

पेटीचा तो कोपरा बेसमेंटच्या खिडकीपासून हातभर अंतरावर होता.

फेब्रुवारीत थंडीची लाट आली. खिडकीतून येणारा गारवा काचेला लागायचा, काचेवरचा मणी गार पडायचा, आणि कंट्रोलरला वाटायचं की सगळी पेटीच गारठली. मग तो खालच्या पट्ट्याला आणखी वीज द्यायचा. पट्टा दोनशे लिटर मोलॅसिससाठी केलेला होता, तो कशाला कमी पडतोय! दुरुस्तीसकट बत्तीस दिसेपर्यंत तो तापत राहायचा. रेघ सरळच होती.

याच आठवड्यात जनार्दनरावांनी दोन मित्रांना पाहायला बोलावलं. रवींद्र पूल बांधायचे, दिलीप वीज कंपनीत होते, दोघेही आपापल्या क्षेत्रातले शेवटचे शब्द. तिघे जण बाकरवडीची बशी घेऊन पेटीपासून चार फुटांवर उभे राहिले. त्याहून जवळ कुणी गेलं नाही, आणि कुणी का गेलं नाही हे कुणी विचारलंही नाही.

"काय रेघ आहे!" रवींद्र टॅब्लेट हातात घेऊन म्हणाले. "एका लेव्हलमध्ये."

"मणी कुठाय?" दिलीपनी विचारलं. विजेच्या माणसाला वायर कुठे जाते ते बघायची खोड असते.

"प्रातिनिधिक जागी," जनार्दनराव म्हणाले.

शब्द एवढा भारदस्त होता की दिलीपनी पुढे विचारलं नाही. "आणि साप कसा आहे?"

"मजेत. खात नाही."

"खात नाही?"

"तीन वेळा उंदीर दिला, परत आला. अरे, त्याला ऊब बाहेरून इतकी व्यवस्थित मिळतेय की आतून इंधन जाळायची गरजच पडत नाहीये. कार्यक्षमता वाढली."

तिघांनीही मान डोलावली. पेटीत चेस्टर पाण्याच्या बशीत वेटोळं करून बसला होता. अर्धं अंग बाहेर लोंबत होतं, कारण बशी त्याच्यासाठी लहान होती.

ते अरुणाताईंनी पाहिलं. त्या बेसमेंटमध्ये कपडे धुवायला उतरायच्या, पेटीकडे पाठ करून मशीन लावायच्या आणि वर पळायच्या. पण सलग तिसऱ्या दिवशी चेस्टर बशीतच दिसला तेव्हा त्या थांबल्या. मग एक पाऊल पुढे गेल्या. रोज थोडं थोडं करत आता त्या काचेपासून हातभर अंतरावर पोचल्या होत्या.

"अहो, तो पाण्यातून हलत नाहीये."

"त्यांना दमटपणा आवडतो."

"आवडतो म्हणून कोणी तीन दिवस आंघोळ करत नाही. काहीतरी होतंय त्याला."

"अगं, बत्तीसवर आहे. हे बघ." त्यांनी टॅब्लेट पुढे केला.

अरुणाताईंनी टॅब्लेटकडे बघितलं नाही. वर जाऊन त्यांनी हॅना पेणकरना फोन लावला.

हॅना मूळच्या रेवदंड्याच्या. टोरोंटोच्या एका हॉस्पिटलात त्या नर्स होत्या तेव्हा अरुणाताई तिथल्या लॅबमध्ये होत्या, आणि रात्रपाळीच्या डब्यांत जमलेली मैत्री चाळीस वर्षं टिकली होती. आता त्या वॉनला राहत. मुलगा बोअझ याने लग्न ठरवलं तेव्हा होणारी सून म्हणाली, एकतर साप, नाहीतर मी. बोअझने सून निवडली. साप आईकडे आले. "मला कोणी विचारलंच नाही," हॅना सांगत, "नाहीतर मीसुद्धा सापच निवडले असते." सध्या सात होते.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्या आल्या. बूट काढले, हात धुतले, थेट खाली. जनार्दनराव मागोमाग टॅब्लेट घेऊन.

"हॅनाबाई, आधी ही सिस्टिम समजून घ्या. इथे आपण..."

हॅनाबाईंनी झाकण पूर्ण बाजूला केलं आणि हात आत घालून तळहात गरम बाजूच्या तळावर टेकवला. लगेच ओढून घेतला.

"आई गं! घैसाससाहेब, यावर घावन निघेल!"

"शक्य नाही. बत्तीस..."

"तुम्ही लावून बघा हात."

जनार्दनरावांनी हात पुढे केला. पेटीच्या कडेशी येऊन तो थांबला. चेस्टर बशीत होता, दोन फूट लांब, त्याचं डोकंही यांच्याकडे नव्हतं. तरी हात पुढे जाईना. हॅनाबाई बघत होत्या. जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून अरुणाताई बघत होत्या.

"यात हात घालून कधी पाहिलात का तुम्ही?" हॅनाबाईंनी विचारलं. आवाज चढवलेला नव्हता. पेशंटला शेवटचं कधी खाल्लं ते विचारावं तसा.

जनार्दनरावांनी हात मागे घेतला. हॅनाबाईंनी आपल्या पर्समधून छोटं बंदुकीसारखं थर्मामीटर काढलं, तळावर रोखलं. सत्तेचाळीस. त्यांनी वायरीचा माग डोळ्यांनी घेतला, तळापासून वर, काचेवर, खिडकीजवळच्या कोपऱ्यापर्यंत. मणी पाहिला. भिंतीतला प्लग खेचून काढला आणि चेस्टरला दोन्ही हातांनी बशीतून उचलून उलटा केला. पोटाचे खवले पांढरे असतात. त्याचे वीतभर लांब लाल झाले होते, आणि दोन ठिकाणी पाणी भरलेले फोड होते.

अरुणाताईंच्या तोंडून बारीक आवाज आला. त्या पुढे आल्या आणि आपण काय करतोय हे लक्षात यायच्या आत त्यांनी बोटाने चेस्टरच्या पाठीला स्पर्श केला.

"कोरडा आहे," त्या नवलाने म्हणाल्या. "मला वाटलं ओला असेल."

टॅब्लेटवर रेघ नुकतीच खाली यायला लागली होती.

प्राण्यांच्या डॉक्टर तरुण होत्या, शांत होत्या. त्यांनी चेस्टरला टॉवेलवर घेतलं, फोड तपासले, आणि पेटी कशी तापवली होती ते विचारलं. जनार्दनरावांनी टॅब्लेट उघडून दाखवला. डॉक्टरांनी सभ्यपणे रेघ पाहिली.

"अँड द प्रोब वॉज ऑन द फ्लोअर?" त्यांनी मण्याबद्दल विचारलं.

"द प्रोब हॅड बीन रिलोकेटेड," जनार्दनराव म्हणाले.

"रिलोकेटेड बाय हूम?"

जनार्दनरावांनी घसा साफ केला. चौतीस वर्षांत लिहिलेल्या सगळ्या अपघात अहवालांमध्ये यंत्रं आपोआप बंद पडली होती, झडपा आपोआप उघड्या राहिल्या होत्या. कर्ता कुणी नसायचा. तसं काहीतरी ते आठवू लागले.

"बाय हिम," अरुणाताई म्हणाल्या. "ही वॉज अफ्रेड टु पुट हिज हँड इनसाइड."

डॉक्टर जनार्दनरावांकडे बघून हसल्या. त्या हसण्यात चेष्टा असती तर बरं झालं असतं. "मोस्ट पीपल आर," त्या म्हणाल्या, आणि मलमाची ट्यूब लिहून दिली.

दिवसातून दोनदा, सहा आठवडे. एकाने साप धरायचा, दुसऱ्याने पोटाला मलम लावायचं. हॅनाबाई म्हणाल्या, "मी नेते, माझ्याकडे सात आहेत, आठवा जड नाही." अरुणाताईंनी मान हलवली. "पोरीने आपल्याकडे ठेवलाय." चेस्टर जुन्या डब्यात, पापडाच्या चटईवर, ईशिताच्या खोलीत गेला. मणी ढोलीत तळाशी हॅनाबाईंनी चिकटवून दिला. देवघराचं दार त्या दिवसापासून लोटलेलं असायचं, एवढीच तडजोड झाली.

पहिल्या दिवशी अरुणाताईंनी डोळे मिटून साप धरला. तिसऱ्या दिवशी उघडे ठेवून. जनार्दनराव मलम लावायला होते. त्यांनी बार्बेक्यूच्या सळईला कापसाचा बोळा बांधला होता, दीड फुटांवरून काम व्हावं म्हणून. बोळा फोडावर जोरात टेकला आणि चेस्टर आक्रसला.

"अहो, ती सळई ठेवा. बोटाने लावा, नाहीतर ट्यूब माझ्याकडे द्या आणि तुम्ही धरा."

धरण्यापेक्षा बोट परवडलं. ते लावलं. खवले गार होते आणि एकमेकांवर बसवलेल्या कौलांसारखे सरकत होते. जनार्दनरावांच्या कपाळावर घाम होता. चेस्टरने काही केलं नाही. मलम लावून झाल्यावर ते वॉशरूममध्ये जाऊन बराच वेळ हात धूत राहिले.

इकलुइटला कळवायचं राहिलं होतं. जनार्दनरावांनी ईमेल लिहायला घेतली. विषय: तापमान-विसंगती, प्राथमिक अहवाल. तीन परिच्छेद झाले. थंडीच्या लाटेचा उल्लेख होता, खिडकीच्या बांधकामातल्या दोषाचा होता, मणी तळावर नीट टिकत नसल्याचा होता. ती त्यांनी पाठवली आणि अर्ध्या तासात फोन वाजला. इतक्या लवकर तिकडून कधी फोन लागत नसे.

"बाबा, हू मूव्ह्ड इट?"

"अगं, परिस्थिती अशी होती की..."

"बाबा."

मागे वाऱ्याचा आवाज येत होता. ईशिता बाहेर कुठेतरी उभी होती, तिकडच्या थंडीत. अरुणाताई समोरच्या खुर्चीत लोकर विणत होत्या. त्यांनी सुया थांबवल्या, पण या वेळी त्या बोलल्या नाहीत.

"मी हलवला," जनार्दनराव म्हणाले. "मला भीती वाटली. आत हात घालायची."

ईशिता मराठीत बोलली. लहानपणी चिडली की ती मराठीत यायची.

"भीती वाटली तर सांगायचं ना. मी पहिल्यांदा धरला तेव्हा मलापण वाटली होती. वरच्या खोलीत ठेवा, एवढंच सांगितलं होतं मी. दोनदा सांगितलं. तुम्हाला ऐकू येतं, पण मी सांगितलेलं ऐकू येत नाही."

"बरा होईल तो, डॉक्टर म्हणाल्या."

"यापुढे अपडेट मला आईने पाठवायचे," ईशिता म्हणाली आणि फोन ठेवला.

जनार्दनरावांनी फोन टेबलावर ठेवला. त्यांना वाटलं अरुणाताई आता काहीतरी म्हणतील. अरुणाताईंनी टाके मोजले आणि विणायला घेतलं.

मंडळात मात्र बातमी पोचायची ती पोचलीच. एप्रिलच्या स्नेहमेळाव्यात दिलीपनी सगळ्यांदेखत विचारलं, "काय जनार्दन, ती प्रातिनिधिक जागा कुठली म्हणालास?" लोक हसले. जनार्दनरावही हसले, इतरांपेक्षा जरा जास्तच वेळ. त्या चार फुटांवर हाच दिलीप आपल्याशेजारी उभा होता, हे त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण ते बोलायचं तर चार फुटांचं कारणही बोलावं लागलं असतं.

मेमध्ये चेस्टरने कात टाकली. नव्या खवल्यांवर डाग होता, लाल नाही, फिकट तपकिरी, तव्याचा डाग जातो तसा अर्धवट गेलेला. जूनमध्ये त्याने उंदीर घेतला, आणि अरुणाताईंनी इकलुइटला फोटो पाठवला. उंदराचा फोटो त्यांच्या फोनमध्ये आला ही गोष्ट त्यांनी बहिणीला पुण्यात फोन करून सांगितली, कौतुकाने. चिमटा त्यांनीच धरला होता. जनार्दनरावांनी दाराशी उभं राहून पाहिलं होतं.

सप्टेंबरमध्ये ईशिता परत आली. चेस्टरला उचलून तिने पोट पाहिलं, डागावरून अंगठा फिरवला. आईला मिठी मारली. वडिलांनाही मारली, पण जरा उशिरा. जनार्दनरावांनी काचपेटी घेऊन जातेस का विचारलं. ती नको म्हणाली. गाडीतल्या तापमानाविषयी ते काही सुचवणार होते, तेवढ्यात तिने गाडीचा हीटर लावला आणि ती निघाली.

घर मोकळं झालं. काचपेटी जनार्दनरावांनी फुकट घेऊन जा अशी पाटी लावून रस्त्याच्या कडेला ठेवली. ती दोन तासांत गेली. पिंपाचा पट्टा त्यांनी मित्राला परत दिला आणि कसा चालला विचारल्यावर "ठीक" म्हणाले.

पुढच्या गुरुवारी नाश्ता करताना अरुणाताई म्हणाल्या, "मी आज वॉनला जातेय. हॅनाकडचा एक आणणार आहे. लहान आहे, दीड फुटाचा."

जनार्दनरावांचा घास हातात राहिला. "साप?"

"हो."

"अगं, मग आधी पेटीचं बघायला हवं. जागा, तापवायची व्यवस्था, मी एक तक्ता..."

"छताला लावायचं पॅनेल मागवलंय. हॅनाने माप दिलंय. ईशिता दिवाळीला येऊन लावून देईल, तोवर चटई." त्यांनी ताटली उचलली. "तुम्ही फक्त टायरमध्ये हवा आहे का बघा. मी किती वर्षांनी हायवेला गाडी काढतेय."

जनार्दनरावांनी पोहे संपवले, हवा मोजायचं मीटर शोधलं आणि गॅरेजमध्ये गेले.